भादव्यातली निवडणूक

भादवा लागला की आमच्या विट्याच्या बाजारात ओल्या शेंगांचे ढीग पडतात. वेलासकट उपटून आणलेल्या, मातीसुद्धा न झटकलेल्या शेंगा. बाया पोत्यावर फतकल मारून वेल हलवत असतात आणि ओल्या मातीचा तो वास पार स्टँडपर्यंत येतो. बायको दरवर्षी मला पिशवी देऊन पाठवते आणि मी दरवर्षी रिकामी पिशवी हलवत घरी येतो. ‘चांगल्या नव्हत्या,’ म्हणतो. तिला हे आता पाठ झालंय. ती स्वतः जाऊन घेऊन येते, मीठ टाकून उकडते, आणि मग मी मुकाट्याने खातो. चवीला लागतात छानच. शेंगांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.

लोक पावसाळ्यावर लिहितात, थंडीवर लिहितात, वैशाखातल्या मोगऱ्यावरसुद्धा लिहितात. भादव्याला कुणी वाली नाही. पाऊस उघडलेला असतो, आभाळ स्वच्छ असतं, आणि ऊन असं पडतं की उघड्या पाठीला चटके बसावेत. सकाळी गार, दुपारी भाजणारं, संध्याकाळी पुन्हा काही घडलंच नाही असं वागणारं. या महिन्याचा भरवसा धरू नये हे मला वयाच्या विसाव्या वर्षी कळलं. तेव्हा मी सांगलीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि एका गुळाच्या गोदामात राहत होतो.

गोदाम म्हणतोय ते उगीच नाही. खरंच गोदाम होतं. आमच्या कॉलेजच्या संस्थेला कुणीतरी ते दान दिलं होतं आणि संस्थेने त्यात लोखंडी खाटा टाकून बाहेर ‘विद्यार्थी वसतिगृह’ अशी पाटी लावली होती. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, खिडक्या म्हणाल तर छपराच्या जवळ, हात न पोचणाऱ्या. भिंतींनी वर्षानुवर्षं गूळ प्यालेला होता. दमट हवेत त्या चिकट व्हायच्या, आणि भिंतीला टेकून अभ्यास केला की सदरा सोडवून घ्यावा लागायचा. मुंगळे तर आमच्याआधीपासूनचे रहिवासी. रात्री कानात शिरू नयेत म्हणून आम्ही डोक्याला टॉवेल गुंडाळून झोपायचो. सांगलीच्या पोरी आमच्या अंगाला काकवीचा वास येतो म्हणायच्या, आणि यायचाही.

पण फुकट होतं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, आमचा खानापूर, अशा कोरड्या तालुक्यांतली पोरं तिथे राहायची. खाटेला भाडं नाही, दिव्याला पैसे नाहीत. जेवण गावाहून यायचं. सकाळी घरून डबा एसटीच्या कंडक्टरच्या हवाली करायचा, तो सांगलीच्या स्टँडवर उतरवायचा, आणि आम्ही कॉलेज सुटलं की डबे हुडकायला जायचो. डब्यावर ऑइलपेंटने नाव. एखाद्याचा डबा चुकून मिरजेला जायचा, एखाद्याची बस पंक्चर व्हायची. म्हणून आम्ही एक रीतच करून टाकली होती. सगळ्यांचे डबे एका जागी उघडायचे, फरशीवर वर्तमानपत्रं पसरायची, भाकऱ्यांची एक चवड लावायची, आणि ज्याचा डबा आला नाही त्याने आधी बसायचं.

माझं शिक्षण त्या खाटेवर उभं होतं, हे मी वाढवून सांगत नाही. आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनवर आलेले. त्यांचं बोलणं हुकूम दिल्यासारखं. मला कॉलेजला घालताना त्यांनी एकदाच काय ते सांगितलं होतं. “जवर फुकट खाट हाय, तवर शीक. खाट गेली की बिस्तरा गुंडाळायचा आन् मदुरेला मामाकडं. पुना इचारायचं न्हाई.” मामाचं तिकडे तमिळनाडूत, मदुरेला, सोनं गाळायचं दुकान होतं. आमच्या भागातल्या निम्म्या घरांतली माणसं हाच धंदा करायला देशभर पांगलेली. गल्लीत एका बोळकंडीत भट्टी, ॲसिडचा धूर, जुने दागिने वितळवून शुद्ध सोनं काढायचं. त्यात वाईट काही नाही, त्यावरच आमची घरं उभी राहिली. पण मला मास्तर व्हायचं होतं. मराठीचा. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त आईला आणि आनंदाला माहीत होतं.

आनंदा जतचा. माझ्या शेजारची खाट त्याची. आई लहानपणीच गेलेली, बाप दुसरं लग्न करून विजापूरकडे निघून गेलेला, हा चुलत्याच्या घरी शेरडं राखत मॅट्रिक झालेला. त्याच्या बोलण्यात मधूनच कानडी शब्द यायचा आणि आम्ही त्याची टर उडवायचो. त्याला डबा कधीच यायचा नाही. त्यामुळे रोज पहिला मान त्याचा. दोन-चार महिन्यांनी माझी आई माझ्या डब्यात त्याच्या वाटणीच्या भाकऱ्या वेगळ्या फडक्यात बांधून पाठवायला लागली. ती त्याला अजून भेटलीसुद्धा नव्हती.

आणि बोलायला आनंदा असा की ऐकत राहावं. गोदामाच्या नळाला पाणी येत नव्हतं तेव्हा तो एकटा प्राचार्यांच्या घरी गेला आणि पाणी घेऊनच आला. आम्ही बाकीची सगळी साहेबासमोर पाय हलवणारी पोरं. बशीर तेवढा धीट, पण त्याचं तोंड फटकळ. बशीर मणेर विट्याचाच, त्याचे वडील आठवडी बाजारांत बांगड्यांची पेटी घेऊन फिरायचे. सुट्टीला तो आणि मी एकाच बसने ये-जा करायचो. गोदामाचं काही साहेबांपुढे मांडायचं असलं की ते आनंदाने मांडायचं, आणि आनंदा बोलत असताना दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही, हे आम्ही ठरवूनच टाकलं होतं. पाच तोंडं झाली की साहेब लोक फट हुडकतात, असं आनंदाचंच म्हणणं. ते बरोबरही होतं.

दुष्काळ सरून पाऊसपाणी पुन्हा सुरळीत झालं होतं ते वर्ष. ऑगस्टमध्ये कुणकुण आली की संस्थेला गोदाम पाडून तिथे दुकानांचे गाळे काढायचे आहेत. वसतिगृह दिवाळीला बंद. आम्ही प्राचार्यांना भेटलो. ते स्वभावाने वाईट नव्हते. म्हणाले, “माझ्या हातात फार नाही. पण विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधीने हरकत घेतली, तर निदान हे वर्ष नि पुढचं वर्ष मी संस्थेला थांबवू शकतो. तो प्रतिनिधी म्हणजे जी.एस. तुमच्यातला एखादा नव्हे.”

झालं. आमच्यातलाच एखादा जी.एस. करायचा, असं आम्ही ठरवलं. एवढं सरळ वाटलं होतं ते आम्हाला.

तेव्हा निवडणूक अशी असायची. प्रत्येक वर्गाने आपला एक प्रतिनिधी निवडायचा, त्याला सी.आर. म्हणायचे. सगळ्या सी.आर.नी मिळून जी.एस. निवडायचा. मतं मूठभर, त्यामुळे एकेक सी.आर. म्हणजे सोन्याची कांडी. दुसऱ्या पक्षाने फोडू नये म्हणून मतदानाच्या सकाळपर्यंत आपले सी.आर. कुठेतरी लांब नेऊन ठेवायचे, ही सगळ्या कॉलेजांची रीत. याला ‘सहल’ म्हणायचे. आमच्या विरोधात कृष्णाकाठच्या एका बागायतदाराचा पोरगा उभा होता. घरचा ऊस, घरची जीप. त्याने आपले सी.आर. पाचगणीला नेले. थंड हवा, हॉटेलात मुक्काम, पठारावर घोडे. तिथून परत आलेला एक जण पुढे महिनाभर घोड्याच्याच गोष्टी सांगत होता.

आम्ही आमचे कुठे नेणार? मी सी.आर. झालो होतो, बशीर झाला होता, आनंदा होताच, आणि गोदामाबाहेरची सात-आठ गरीब पोरं आमच्या बाजूची होती. खिशात एसटीच्या तिकिटापुरते पैसे. मी म्हणालो, आमच्या गावाला चला. आमची वाडी विट्यापासून कोसभर, ओढ्याच्या काठाला, तिथे कोण हुडकायला येतंय.

आम्ही गेलो आणि नेमकी भुईमुगाची काढणी सुरू होती.

आबांनी ती पोरं बघितली आणि त्यांच्यातला हवालदार जागा झाला. “बसून खायाचं न्हाई. फॉलिन व्हा.” दुसऱ्या दिवशी सकाळी भावी विद्यार्थी-नेते ओळीने वाकून वेल उपटत होते. भादव्याचं ऊन, ओली काळी जमीन, नखांत माती. शहरातला एक सी.आर. होता, त्याला वाटायचं शेंगा वेलाला वर लागतात. त्याने पहिला वेल उपटला आणि खाली लोंबणाऱ्या शेंगा बघून असा काही ओरडला की बांधावरचे बगळे उडाले. बशीर म्हणाला, “गड्या, ह्याचं मत फुटलं तर कळायचं बी न्हाई. ह्याला कुटल्या बाजूला काय लागतंय तेच ठावं न्हाई.” पोरं पोट धरून हसली. दुपारी बांधावर आई भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी घेऊन यायची. पोरं चिखलाच्या हातांनी जेवायला बसायची नि ती दटावून ओढ्यावर पाठवायची. संध्याकाळी तिथेच चुलीवर ओल्या शेंगा उकडायच्या. मी आयुष्यात इतका सुखात कधीच नव्हतो.

आनंदा आईला त्या दिवसांत पहिल्यांदा भेटला. तिने त्याला बघितलं, वाळलेला, हाडं वर आलेली, आणि म्हणाली, “तू व्हय रं आनंदा? माज्या भाकरी कुटं गेल्या मग?” तो हसला नाही. वाकून तिच्या पाया पडला आणि कितीतरी वेळ उठलाच नाही. बाकीची पोरं तिला मावशी म्हणायची. हा पहिल्या दिवसापासून आये म्हणाला. तिच्या मागे-मागे फिरायचा, पाणी शेंदून द्यायचा, वेलांचा भारा डोक्यावर घेऊन पुढे चालायचा. मला त्याचं कौतुकच वाटायचं. दोन बहिणींतल्या एकुलत्या एका पोराला जो हेवा वाटायला हवा तो मला वाटला नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी म्हणालं, बेलभंडारा उचलू. आमच्याकडे शब्द पक्का करायचा तर खंडोबाचा भंडारा आणि बेलाचं पान हातात घेऊन शपथ घ्यायची. जमिनीच्या वाटण्या, सोयरिकी, गावकीतले ठराव, सगळं त्याच्यावर. मग राजकारण कसं सुटेल? आईने देव्हाऱ्यातला भंडारा पितळी ताटात काढून दिला. आनंदाने ताट धरलं. एकेक जण पुढे यायचा, बेल आणि भंडारा उचलायचा, म्हणायचा, “मत आनंदाला. फुटलो तर देव बघून घील.” शेवटी बशीर उरला. दोघे-तिघे एकमेकांकडे बघायला लागले. बशीर म्हणाला, “का रं? माजं मत मोजनार न्हाई व्हय? मग मलाबी द्या की.” आणि त्याने सगळ्यांपेक्षा मोठी चिमूट उचलली. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पिवळा डाग पडला आणि तो पुढे धुतला तरी गेला नाही.

एकही मत फुटलं नाही. उलट पाचगणीकडचं एक मत आमच्याकडे आलं. थंड हवेत त्याला सर्दी झाली होती आणि कुणी विचारपूस केली नाही म्हणून तो रुसला होता. आनंदा निवडून आला. गुलाल आणायला पैसे नव्हते, मार्केट यार्डातल्या हळदीच्या व्यापाऱ्याकडून झाडलोटीची हळद आणली आणि ती उधळली. आनंदाला खांद्यावर घेऊन गोदामापर्यंत नाचत आलो. त्या दिवशी मी आईला कार्ड टाकलं की आता मी नक्की मास्तर होणार.

त्यानंतर आनंदा दोन दिवस जतला जाऊन येतो म्हणून गेला. आला तो जरा गप्प होता. आम्हाला वाटलं, चुलता काही बोलला असेल.

पुढच्या रविवारी दुपारी प्राचार्य स्वतः गोदामात आले. सोबत संस्थेचे दोघे जण. आम्ही खाटा भिंतीला सरकवून जागा केली, शेजारच्या वखारीतून खुर्च्या मागून आणल्या. त्या खुर्च्यांवर ते बसले, आणि त्यांच्या ओळीत एका खुर्चीवर आनंदा. आम्ही फरशीवर. मी त्याच्या समोरच होतो. मनात म्हणत होतो, आता हा उठेल. आता बोलेल. मला त्याची बोलायची सगळी ढब पाठ होती. तो आधी घसा खाकरायचा, मग ‘सर, गोष्ट अशी आहे की’ म्हणायचा.

प्राचार्यांनी सांगितलं, संस्थेचा विचार असा-असा आहे, दिवाळीनंतर ही जागा रिकामी हवी आहे. मग आनंदाकडे वळून म्हणाले, “मुलांचं काय म्हणणं आहे?”

आनंदा उठला. घसा खाकरला. “सर, गोष्ट अशी आहे की जागा राहण्यासारखी राहिलेली नाही. मुलांची काही हरकत नाही.”

पत्र्यावर ऊन तापलं की तो कडकड वाजतो. तेवढाच आवाज येत होता. मला आधी वाटलं, हा काहीतरी डाव असणार, आधी मान्य करून मग पुढे काहीतरी मागणार. तो खाली बसला. तेव्हा मी उठलो. म्हणालो, “सर, हरकत आहे. माझी आहे. सगळ्यांची आहे.”

प्राचार्य माझ्याकडे बघून समजुतीच्या सुरात म्हणाले, “तुमचा प्रतिनिधी बोलला ना? तुम्हीच निवडून दिलाय त्याला. आता प्रत्येकाने वेगळं बोलायचं नसतं.”

मी मागे वळून बघितलं. पोरं खाली बघत होती. आनंदा बोलला की दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही, ही शिस्त आम्हीच आमच्या अंगी बाणवलेली. माझ्या मागून एकटा बशीर उठला आणि आनंदाला आईबहिणीवरून असं काही बोलला की संस्थेच्या दोघांना आयतं कारण मिळालं. “बघा, अशी मुलं,” म्हणाले नि चालते झाले.

आनंदाला काय मिळालं ते दोन दिवसांत सगळ्या कॉलेजला कळलं. संस्थेचं एक छोटं पक्कं वसतिगृह प्राचार्यांच्या बंगल्यामागे होतं, तिथे एक खोली रिकामी होती. राहणं, जेवण, पुढे एम.ए. होईपर्यंत. तो ट्रंक न्यायला आला तेव्हा मी खाटेवर बसून होतो. मी विचारलं, “का रं?” तो म्हणाला, “सदा, माजं कोन हाय?” आणि गेला. केसाने गळा कापणं म्हणतात ते आम्ही वर्गात वाक्प्रचार म्हणून शिकलो होतो, वाक्यात उपयोगही करून दाखवला होता. त्याचा अर्थ मला त्या दुपारी समजला.

पुढच्या सुट्टीला गावी जाताना बशीर विट्याच्या बसमध्ये एकदम म्हणाला, “सदा, आपुन सगळ्यांनी भंडारा उचलला. त्यानं कुटं उचलला? त्यानं तर ताट धरलं हुतं.” मी आठवून बघितलं. खरंच होतं. शपथ मतदारांनी घ्यायची तशी ज्याला मत द्यायचं त्यानेही घ्यायची, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानंतर मी देशातल्या बऱ्याच निवडणुका बघितल्या. हीच चूक सगळीकडे चालू आहे.

दिवाळीनंतर गोदाम पाडलं. बाकीच्या पोरांतली थोडी कुणाच्या ओळखीने कुठे-कुठे राहिली, बरीचशी घरी गेली. बशीरने वडिलांची बांगड्यांची पेटी घेतली. आबांनी दिलेला शब्द पाळला, म्हणजे मला पुन्हा विचारलं नाही. मी मिरजेहून मदुरेची गाडी धरली. तिथे भट्टीपुढे बसून पहिल्या वर्षभरात माझ्या भुवया जळाल्या, डोळ्यांना कायमची चुरचुर लागली, तमिळ मात्र छान आलं. धंदा वाईट झाला नाही. मी दोन बहिणींची लग्नं केली, घर बांधलं, पोरांना शिकवलं. सगळे म्हणतात नशीब काढलंस. काढलं असेल. पण शाळेवरून जाताना आतून मुलांचा एका सुरातला कवितेचा आवाज आला, की मी आजही रस्ता ओलांडून पलीकडून जातो.

आनंदाशी मी बोललो नाही. तो पुढे सातारला प्राध्यापक झाला, मराठीचाच. एकदा लग्नाच्या निमित्ताने सातारला गेलो असताना पोवई नाक्यावर समोरासमोर आलो. केस पांढरे, खांद्याला झोळी. टाळायला जागा नव्हती. त्याने ‘कसा आहेस’ विचारलं नाही, ‘चुकलं’ म्हणाला नाही. त्याने विचारलं, “आये कशी हाय?” मला इतका संताप आला की मी सरळ रस्ता ओलांडला. माझ्या आईवर याचा हक्क कसला, असं मला वाटत राहिलं. जाताना मी मागे बघितलं तर तो तिथेच उभा होता, लोक त्याला धक्के देऊन चालले होते.

आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं जागा पडली, पोरं पांगली. निदान तिला असं वाटतंय असं मला वाटत होतं. मी सुट्टीला आलो की ती विचारायची, आनंदाचं काय, भेटतो का, आणि मी विषय बदलायचो. तिचं मन मोडू नये म्हणून मी मूग गिळून बसलो. आबा गेले, मी दुकान मुलाकडे सोपवून विट्याला परत आलो, आई थकली. आणि एका भादव्यात, ती गेली त्याच्या आदल्या वर्षी, आम्ही दोघं सोप्यात शेंगा तोडत बसलो असताना ती पुन्हा म्हणाली, “आनंदाला दोन पायली शेंगा धाडाया पायजेत.” माझा तोल गेला. इतक्या वर्षांचं सगळं बाहेर पडलं. भंडारा, गोदाम, खुर्च्या, हरकत नाही, खोली. मी रडलो सुद्धा, त्या वयात.

ती वेल झटकायची थांबली नाही. सगळं ऐकून म्हणाली, “मला ठावं हाय की. आला हुता त्यो माज्याकडं.”

“कवा?”

“निवडून आला नव्हं, तवाच. जतला जातो म्हनून हितं आला. लय रडला. म्हनला, आये, ते मला येक खोली द्याया लागल्यात, पर सदाची खाट जाती. काय करू? तू न्हाई म्हन, म्हंजे मी न्हाई म्हनतो.”

मला हातातला वेल खाली ठेवता येईना.

“आन् तू काय म्हनलीस?”

“मी म्हनलं, घे. माज्या सदाला मामा हाय, जमीन हाय, मी हाय. तुला कोन हाय?”

“आये, मला मास्तर व्हायाचं हुतं. तुला ठावं हुतं.”

“व्हय,” ती म्हणाली. “त्यालाबी व्हायाचं हुतं.”

बाहेर ऊन होतं तसंच होतं. मी विचारलं, “आन् बशीर? बाकीची पोरं? त्यांच्या आयांना कुनी इचारलं?” ती म्हणाली, ते तिला माहीत नाही, त्याने फक्त माझंच विचारलं होतं. मी म्हणालो, “मग मला तरी इचारायचं. माजी खाट हुती ती. तुमी दोघांनी मिळून देऊन टाकली.”

“तुला इचारलं आसतं तर तू न्हाई म्हनला आसतास.”

मी तिच्याकडे बघितलं. तिचे हात मातीने काळे झाले होते. मला आनंदा आठवला, भारा घेऊन तिच्या पुढे चालणारा, आणि तिच्या पायांवर वाकून न उठलेला त्याचा पाठीचा कणा. मी खरं तेच बोललो.

“व्हय म्हनलो आसतो, आये. नुस्तं इचारायचं हुतं. मी व्हय म्हनलो आसतो.”

“मग झालं की,” ती म्हणाली.

तिला खरोखरच त्यात काही फरक दिसत नव्हता.